पेटीच्या दारावरचा ऐंशी

आदेशाचं पान एकशे बारा, परिच्छेद सत्तेचाळीस. तो मला तोंडपाठ आहे. माझ्या आत्यालाही आहे, फक्त म्हणून दाखवताना ती मधे मधे स्वतःचे शब्द घालते. मूळ वाक्य असं: 'सदर वस्तीतील ग्राहकांची वीजचोरीची प्रवृत्ती पाहता, तेथील हानीचा भार प्रामाणिक ग्राहकांवर टाकणे न्याय्य ठरणार नाही.' आत्या 'प्रवृत्ती'पाशी थांबायची आणि ज्याने कोणी हे टाइप केलं त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करून मगच पुढे जायची.

झालं होतं असं, की वीज नियामक आयोगाने त्या वर्षीचे दर ठरवताना आमच्या वस्तीवर वेगळा अधिभार लावला. का, तर वीज कंपनीच्या आकड्यांप्रमाणे वस्तीत शंभर युनिट वीज येत होती आणि बिलं जेमतेम शेहेचाळीस युनिटांची होत होती. उरलेली चोपन्न कुठे गेली? आयोगाचं उत्तर परिच्छेद सत्तेचाळीसमध्ये होतं. जाहीर सुनावणीत आत्याला बोलायला दोन मिनिटं मिळाली होती. त्यातलं एक मिनिट माइक सुरू करण्यात गेलं.

आमची वस्ती म्हणजे चार गल्ल्या. पहिलीत लेथ आणि ग्राइंडर, दुसरीत खोकी बनवणारे, तिसरीत छपाई आणि चौथीत आत्याचा शिवणकामाचा कारखाना: चौदा मशीन, चौदा बायका आणि त्या चौदाजणींच्या वरताण आवाज असलेली आत्या. सकाळी आठला चारही गल्ल्या एकदम बोलायला लागतात आणि संध्याकाळी सातला एकदम गप्प होतात. इथे भांडणं होतात, एकमेकांची गिऱ्हाइकं पळवली जातात, पण तारेवर आकडा टाकून कोणी मशीन चालवलंय असं मी जन्मात पाहिलेलं नाही.

तरी तीन वेळा भरारी पथक आलं. शेवटच्या वेळी त्यांनी आत्याचं एकेक मशीन भिंतीपासून ओढून मागे हात घालून पाहिलं. चौदाजणी भिंतीला पाठ लावून उभ्या. सापडलं काय, तर दोन वर्षांपूर्वी हरवलेली कात्री. पथकाचा प्रमुख जाताना म्हणाला, "हुशार आहात तुम्ही लोक." आत्या कात्री घेऊन त्याच्या मागे गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. ती म्हणते, सापडलेल्या मालाची पावती मागायला. पुढच्याच महिन्यात शाळेच्या गणवेशांचं काम तिच्या हातून गेलं. शाळेच्या बाईंनी फोनवर एवढंच विचारलं होतं, "तुमच्या भागात म्हणे सगळेच तसले आहेत?"

मी वकील आहे. भाडेकरार, प्रतिज्ञापत्रं, फार तर फार एखादा सोसायटीचा वाद. ज्या दिवशी आदेश आला त्या दिवशी आत्या माझ्या ऑफिसात आली, अशिलाच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "अपील लिहायला घे."

"आत्या, मी भाडेकराराची वकील आहे. हे न्यायाधिकरणाचं काम आहे. तिथे मोठमोठे लोक उभे राहतात."

"मग तू पण मोठी हो. किती दिवस आहेत?"

"पंचेचाळीस."

"पुष्कळ झाले," आत्या म्हणाली. तिला एका रात्रीत दोनशे सदरे द्यायची सवय आहे.

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे मी मान्य करते. पण अपील रागावर चालत नाही, त्याला मुद्दा लागतो. माझा मुद्दा असा होता, की कंपनीने दिलेला हानीचा आकडा आयोगाने तपासलाच नाही, जसा आला तसा आदेशात उतरवला. दर ठरवण्याचा अधिकार आयोगाचा, कबूल, पण अधिकाराबरोबर पडताळणीची जबाबदारी येते. मुद्दा चांगला होता. मात्र आकडा चुकीचाच आहे हे दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं. म्हणून मी माहितीसाठी अर्ज केला आणि वस्तीत येणाऱ्या विजेचे दहा वर्षांचे मासिक आकडे मागवले. बारा पानांचा तक्ता आला. मी तो तीन वेळा वाचला आणि मला त्यातलं काही कळलं नाही. मग एका सकाळी चहाच्या वेळी मी तो बाबांसमोर ठेवला.

आता बाबांबद्दल सांगायला हवं. माझे बाबा चौतीस वर्षं वीज कंपनीत मीटर परीक्षक होते. मीटर तपासायचे, बरोबर असेल तर शिशाचं सील लावायचे. वस्तीत त्यांना कोणी नावाने ओळखत नाही, सगळे 'शिक्का' म्हणतात. शिक्का म्हणाला मीटर ठीक आहे, की विषय संपला, मग भांडणारे दोघेही आपापल्या घरी. चौतीस वर्षांत त्यांच्या कामावर बोट ठेवायला कोणाला जागा मिळाली नाही. आई होती तोपर्यंत म्हणायची, या माणसाशी भांडण्यात मजाच नाही, दरवेळी हाच बरोबर असतो.

त्यांची एक पद्धत होती. मोठ्या लाइनवरचा प्रवाह इतका असतो की तो थेट मीटरमधून सोडला तर मीटर जळेल. म्हणून मधे एक उपकरण बसवतात, त्याला सीटी म्हणतात. ते प्रवाह ठरावीक पटीने लहान करून मीटरला देतं. मग मीटरवर जे दिसेल त्याला त्या पटीने गुणायचं की खरा आकडा मिळतो. ही पट म्हणजे गुणक. रीडिंग घेणाऱ्याने चुकू नये म्हणून बाबा तो गुणक मीटरच्या पेटीच्या दारावर, आतल्या बाजूने, पिवळ्या ऑइल पेंटने लिहायचे. अक्षर असं की छापल्यासारखं. ब्रशने आकडा काढून झाला की उजव्या हाताच्या पहिल्या बोटाने कडा पुसून सरळ करायचे. त्यामुळे ते बोट कायम पिवळं. आई रॉकेलने घासायची, तरी नखाच्या कडेला रंग राहायचाच. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच बाबांचं एक बोट पिवळं असतं.

तर बाबांनी तक्ता हातात घेतला. एका महिन्यावर पेन्सिल टेकवली आणि म्हणाले, "या महिन्यात आपला फीडर, म्हणजे वस्तीला वीज आणणारी लाइन, तोडला. नवी वसाहत दुसऱ्या लाइनवर टाकली."

"मग?"

"मग अर्धं गिऱ्हाईक तिकडे गेलं. आपल्याकडे येणारी वीज निम्मी व्हायला हवी. बिलं निम्मी झाली आहेत, हे बघ. आत येणारी वीज मात्र आहे तेवढीच दाखवतात. कशी?"

मी वकिली उत्साहाने वहीच उघडली. "म्हणजे कंपनीने आकडा फुगवला!"

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. चहा तसाच राहिला. त्या दिवशी ते जेवताना बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. मला वाटलं तब्येत बिघडली, मी डॉक्टरांची वेळसुद्धा घेतली. तिसऱ्या दिवशी सकाळी मी बाहेरच्या खोलीत आले तर ते स्टुलावर चढून भिंतीवरची फ्रेम काढत होते. त्यांच्या निरोप समारंभाचा फोटो. सहा वर्षांपूर्वीचा. हातात कंपनीने दिलेलं घड्याळ, शेजारी मुख्य अभियंता, या बाजूला मी.

ते फोटो घेऊन खिडकीपाशी बसले आणि मला म्हणाले, "माझा हात बघ."

मी पाहिला. घड्याळाच्या खोक्यावर उजवा हात होता. स्वच्छ हात.

"बोट बघ. रंग आहे?"

"नाही. धुतलं असेल, समारंभ होता ना."

"धुवून जातो का तो? तुझी आई सांगेल... सांगितलं असतं." मग त्यांनी खिशातून त्या वर्षीची डायरी काढली. त्यांच्या प्रत्येक कामाला तिथे एक ओळ, आणि ओळीच्या शेवटी दोन खुणा: सील झालं की एक, रंग झाला की दुसरी. शेवटची ओळ नोकरीच्या शेवटच्या दिवसाची होती. 'वस्ती फीडर. सीटी बदलली, ४००/५ जाऊन २००/५. गुणक ८० जाऊन ४०.' सीलची खूण होती. रंगाची नव्हती.

"फीडर तोडल्यावर भार कमी झाला, म्हणून लहान सीटी बसवली," बाबा म्हणाले. "मीच बसवली. दारावर जुना ऐंशी होता, तो खरवडून चाळीस लिहायचा होता. रंगाचा डबा उघडला होता मी. तेवढ्यात फोन आला, की सगळे थांबलेत, साहेब थांबलेत, फोटोवाला थांबलाय."

फोन कोणाचा होता हे त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. मी तो केला होता. 'बाबा, आज तरी काम सोडा' असंही म्हणाले होते.

"म्हटलं उद्या लिहू," बाबा म्हणाले. "उद्या मी निवृत्त होतो."

म्हणजे सहा वर्षं रीडिंग घेणारा दार उघडत होता, पिवळा ऐंशी बघत होता आणि चाळीसने गुणायच्या जागी ऐंशीने गुणत होता. पन्नास युनिट यायची, शंभर लिहिली जायची. आमच्या वस्तीत चोर नव्हताच. असलाच तर तो माझ्या बाबांच्या हस्ताक्षरातला एक आकडा होता. आणि या सहा वर्षांत तो चोर शोधत बाबाच गल्लीगल्ली हिंडले होते! त्यांचा संशय लेथवाल्यावर होता. तीन वर्षं त्यांनी त्याच्याकडे पाऊल टाकलं नव्हतं, त्यापूर्वी रोज सकाळी दोघांचा चहा एकत्र व्हायचा.

बाबा त्याच दिवशी कंपनीच्या ऑफिसात गेले. तिथल्या अभियंत्याने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं, डायरी पाहिली आणि परत त्यांच्या हातात ठेवली. "काका, आयोगाचा आदेश झालाय. आता हे उकरून काढण्यात अर्थ नाही. तुमचंच नाव खराब होईल. तुमचं अक्षर अजून नव्या पोरांना दाखवतो आम्ही."

घरी येऊन बाबा मला म्हणाले, "प्रतिज्ञापत्र तयार कर."

मी नाही म्हटलं. मी चिडले, हे खरं आहे. म्हटलं, आपण आकड्यांतली विसंगती दाखवू, तज्ज्ञ मागू, तुम्हाला मधे आणायची गरज नाही. चौतीस वर्षांचं नाव एका ओळीत घालवायचं? ते शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "तू वकील माझी नाहीस, वस्तीची आहेस. आधी आत्याला सांगू या."

आत्याला सांगायला आम्ही दोघं कारखान्यात गेलो तेव्हा मशीन चालू होती. बाबांनी त्या मशीनच्या आवाजातच सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. आत्याच्या हातात टेप होती. ती गुंडाळत राहिली, उलगडत राहिली. हिच्या मशीनमागे परक्या माणसांनी हात घातले होते, हिचं गणवेशाचं काम गेलं होतं, आणि कारण समोर उभं होतं, तिचा सख्खा मोठा भाऊ.

"सहा वर्षं," आत्या म्हणाली, "ज्या चोराला मी रोज सकाळी उठून शिव्या घातल्या, तो माणूस तू?"

"मी."

"आणि रविवारी माझ्याच घरी जेवत होतास."

"हो."

आत्याने टेप गळ्यात टाकली. डोळे भरले होते, पण आवाज काही खाली आला नाही. "दादा, तुझं अक्षर एवढं चांगलं हेच आपलं नशीब फुटकं. जरा गचाळ असतं तर कोणीतरी पुन्हा तपासलं असतं." मग ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "तिथे उभा राहशील? सगळ्यांसमोर?"

"त्यासाठीच आलोय."

"मग शर्ट चांगला घाल," आत्या म्हणाली. "तो कॉलर उसवलेला नको. इकडे दे, शिवून देते."

सुनावणीच्या दिवशी न्यायाधिकरणाच्या व्हरांड्यात कंपनीचे वकील स्वतःहून माझ्याजवळ आले. ते फार मोठे वकील आहेत. त्यांच्या फायली उचलायलाच तीन माणसं होती. माझी फाइल आत्याने शिवलेल्या कापडी पिशवीत होती. त्यांनी बाबांचं प्रतिज्ञापत्र वाचलं होतं. ते गोड बोलले. "हे बघा, आपण कशाला ताणायचं? तुम्ही अपील मागे घ्या. पुढच्या वर्षी दर ठरतील तेव्हा आम्ही तुमच्या वस्तीचा अधिभार काढायला सांगतो, तांत्रिक फेररचना म्हणून. कोणाची चूक, काय चूक, कशाचीच नोंद नाही. तुमच्या वडिलांचं नाव कुठेही येणार नाही."

मी खोटं सांगणार नाही. मला ते हवं होतं. अधिभार जाणार होता, बाबा वाचणार होते, मी घरी जाऊन झोपणार होते. मी बाकावर बसलेल्या त्या दोघांपाशी गेले आणि सगळं सांगितलं.

"आणि ते वाक्य?" आत्याने विचारलं. "प्रवृत्तीचं?"

"ते राहील. आदेश रद्द होणार नाही, नुसता पुढच्या वर्षी बदलेल."

आत्याने भावाकडे पाहिलं. हा निर्णय त्याचा आहे हे तिलाही कळलं होतं.

बाबांनी नव्याने शिवलेल्या कॉलरवरून हात फिरवला. "माझं नाव वाचणार आणि वस्तीचं तसंच राहणार," ते म्हणाले. "हा गुणक चुकीचा आहे. त्यांना नाही म्हणून सांग."

आत न्यायाधिकरणाच्या अध्यक्षा मधे, दोन सदस्य दोन बाजूंना. कंपनीचे वकील चाळीस मिनिटं बोलले. दर ठरवणं हे तज्ज्ञांचं काम आहे, आयोगाच्या आकड्यांत न्यायाधिकरणाने शिरू नये, मीटरची दरवर्षी चाचणी झालेली आहे. त्यांनी सहा वर्षांची सहा प्रमाणपत्रं सादर केली. मी ती तिथेच चाळली आणि मला हसू आवरेना. सीटीच्या प्रमाणाच्या रकान्यात सहाही वर्षं एकच मजकूर होता: 'दारावर लिहिल्याप्रमाणे.' मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. उजवीकडच्या सदस्यांनी चष्मा काढला आणि प्रमाणपत्र जवळ घेऊन पाहिलं.

"दारावर लिहिणारे हजर आहेत का?" अध्यक्षांनी विचारलं.

बाबा उठले. शपथ झाली. त्यांनी डायरीतली ओळ वाचली, सीलची खूण आणि रंगाची रिकामी जागा दाखवली. फोनचं सांगितलं नाही, फक्त म्हणाले, घाई झाली. मी खाली बघत उभी होते.

मोठे वकील उलटतपासणीला आले. "म्हणजे तुम्ही निष्काळजी होतात."

"त्या दिवशी होतो."

"आणि असा निष्काळजी माणूस सहा वर्षांनी येऊन सांगतो, त्यावर या न्यायाधिकरणाने विश्वास का ठेवावा?"

"ठेवू नका," बाबा म्हणाले. "पेटी उघडून बघा."

मागे कोणीतरी हसलं. वकील जरा तापले. "तुमच्या चौतीस वर्षांत अशा किती चुका झाल्या?"

बाबांनी विचार केला. खरोखर विचार केला, मला त्यांचा चेहरा माहीत आहे. "मला माहीत असलेली ही एक," ते म्हणाले. "ती सांगायला मी आलोय. माझ्यानंतर सहा वर्षांत सहा जणांनी तीच चूक सही करून पुढे पाठवली. ते कोणी इथे दिसत नाहीत."

अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं आणि संयुक्त पाहणीचा आदेश दिला.

पाहणी चार दिवसांनी झाली. उपकेंद्रातल्या त्या खोलीत दोन्ही बाजूंची माणसं, न्यायाधिकरणाचा एक अधिकारी आणि कंपनीची सध्याची मीटर परीक्षक. ती तिशीतली मुलगी होती, हातमोजे घालून आलेली. पेटीचं दार तिनेच उघडलं. आतल्या बाजूला, एका हाताएवढा, पिवळा, अजून चकचकीत, ऐंशी. खरं सांगते, मला आधी चूक दिसलीच नाही, आकड्याचं वळणच दिसलं. मग लाइन बंद करून तिने सीटीवरची धूळ फडक्याने पुसली आणि पाटीवरचं वाचलं, "दोनशे, पाच." अधिकाऱ्याने लिहून घेतलं. कंपनीचे वकील स्वतः आले नव्हते, त्यांचा सहायक फोनवर बोलत बाहेर गेला. बाबा दाराकडे बघत होते. खिशात हात होते त्यांचे.

निकाल दोन महिन्यांनी आला. वस्तीवरचा अधिभार रद्द, दर पुन्हा ठरवायला प्रकरण आयोगाकडे परत, आणि परिच्छेद सत्तेचाळीसमधलं ते वाक्य 'कोणत्याही पुराव्याशिवाय लिहिलेले असल्याने आदेशातून वगळण्यात येत आहे'. आकडा पडताळून पाहणं हे आयोगाचं कर्तव्य आहे, कंपनीच्या कागदावर नुसती मान डोलावणं नव्हे, असंही अध्यक्षांनी लिहिलं होतं. भाडेकराराच्या वकिलीणबाईंनी ऑफिसचं दार लावून घेतलं आणि एकटीने टेबलावर ताल धरला.

त्या संध्याकाळी सातला, मशीन बंद झाल्यावर, आत्याच्या कारखान्यात वस्ती जमली. कापायच्या टेबलावर उभी राहून आत्याने निकाल वाचला. 'वगळण्यात येत आहे' तिने तीन वेळा वाचलं आणि तिन्ही वेळा टाळ्या पडल्या. चौदाजणींपैकी एक रडायला लागली, तिची समजूत घालताना दुसऱ्या दोघी. आत्या पान उलटून शेवटच्या हुकमावर गेली.

"अठ्ठाविसावा परिच्छेद राहिला," बाबा मागून म्हणाले.

"त्यात काही नाही विशेष," आत्या म्हणाली.

"राहिला तो."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नको म्हणून. पण बाबा गर्दीतून पुढे आले, तिच्या हातातून कागद घेतला आणि स्वतः वाचला. 'हानीचा चुकीचा आकडा हा निवृत्त मीटर परीक्षकाने सीटी बदलल्यानंतर दारावरील गुणक न बदलल्यामुळे उद्भवला, हे त्यांनी स्वतः शपथेवर मान्य केले आहे.' वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली. "तो परीक्षक मी," ते म्हणाले. जसं काही कोणाला माहीत नव्हतं. "पथक तुमच्या घरांत आलं ते माझ्यामुळे. मी तुमच्यातल्या काहींवर संशयही घेतला. माफ करा."

चार गल्ल्यांची माणसं त्यांच्याकडे बघत उभी होती. मला वाटलं, आता हे नाव गेलं. आता शिक्का म्हणून कोणी हाक मारणार नाही. आणि तरीही मला तिथे उभं राहवेना. हा माझा बाप आहे, असं एकेकाच्या कानात ओरडून सांगावंसं वाटत होतं. इतका ताठ माणूस मी कुठल्या न्यायाधिकरणात पाहिला नव्हता.

शेवटी लेथवाला पुढे आला. हात काळे, कामावरूनच आलेला. "तो संशय माझ्यावर होता ना?" त्याने विचारलं.

"हो," बाबा म्हणाले.

"मला वाटत होतंच. तीन वर्षं माझा चहा कडू लागला असेल म्हणून गप्प बसलो." त्याने हात फडक्याला पुसला आणि बाबांचा हात धरला. "शिक्का, उद्या सकाळी येणार का नाही?"

"येतो," बाबा म्हणाले. मग चौदाजणी, खोकीवाले, छपाईवाले सगळे एकदम बोलायला लागले आणि आत्याने टेबलावरून आरडाओरडा केला, की कोणीतरी तिच्या कापडावर पाय दिलाय.

पुढच्या आठवड्यात ती हातमोजेवाली परीक्षक आमच्या घरी आली. दारावरचा गुणक बदलायचा लेखी हुकूम तिच्याकडे होता. ती म्हणाली, "काका, आमचे आकडे वर्षभरात सोलून जातात. तुमचे सहा-सहा वर्षं टिकतात. रंगात काय घालता?" बाबा आत गेले, माळ्यावरून डबा आणि ब्रश काढले, आणि तिच्याबरोबर निघून गेले.

दुपारी मी घरी आले तेव्हा ते बाहेरच्या खोलीत बसले होते. भिंतीवर जुन्या फोटोच्या जागी रिकामा खिळा होता. त्या दिवशी आमच्याकडे आलेली आत्या कणकेच्या हातानेच बाहेर येऊन ओरडत होती की जेवायचं आहे, तो हात आधी रॉकेलने धू. बाबांनी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. उजवा हात गुडघ्यावर ठेवला, पहिलं बोट जरा पुढे केलं, पिवळंजर्द, नखापर्यंत, आणि माझ्याकडे पाहिलं.

"आता काढ फोटो," ते म्हणाले.